गॅलिपोली ते ‘तलवार’: अ‍ॅडमिरल गॉडफ्रे यांची कारकीर्द

वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, कुठल्याही अभ्यासिकेत जा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या वहीत एक ओळ हमखास सापडते: १८ फेब्रुवारी १९४६, नौदलाचे बंड, ‘तलवार’, मुंबई. एक प्रश्न, चार पर्याय, की पुढचा विषय. आपला जिल्हा समुद्रापासून इतका दूर की खलाशी, जहाज, बंदर हे सारे आपल्याला पुस्तकातूनच भेटते. म्हणूनच या ओळीच्या मागे उभा असलेला एक माणूस ओळखून घ्यावा असे मला वाटते. त्या दिवशी हिंदुस्थानच्या आरमाराचे सर्वोच्च अधिकारी होते व्हाइस अ‍ॅडमिरल जॉन हेन्री गॉडफ्रे. जेम्स बाँडच्या कथांमध्ये बाँडला कामगिरीवर पाठवणारा जो ‘एम’ आहे, त्याचा मूळ नमुना बहुतेक अभ्यासक याच गॉडफ्रेंमध्ये पाहतात.

गॉडफ्रे यांचा जन्म १० जुलै १८८८ रोजी बर्मिंगहॅमजवळ झाला. १९०३ मध्ये, दहावीतल्या मुलाच्या वयात, ते ‘ब्रिटानिया’ या प्रशिक्षण जहाजावर दाखल झाले. त्या काळी इंग्लंडात आरमाराचा अधिकारी असा कोवळ्या वयापासूनच घडवत. चीनमधल्या यांगत्से नदीवरच्या तोफनौकेवर त्यांनी नोकरी केली आणि पुढे जहाजाला वाट दाखवण्याच्या, म्हणजे नौकानयनाच्या, शास्त्रात प्रावीण्य मिळवले.

पहिल्या महायुद्धात ते ‘युरिअ‍ॅलस’ या क्रूझरवर होते. २५ एप्रिल १९१५ च्या पहाटे गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरायचे लँकेशायर फ्युझिलिअर्सचे जवान याच जहाजाने आणले. जहाजावरून ते छोट्या होड्यांत उतरले आणि होड्या किनाऱ्याकडे ओढत नेल्या गेल्या. पाण्याखाली काटेरी तारा पसरलेल्या होत्या, वर टेकाडांवर तुर्की सैनिक दबा धरून होते. होड्या टेकतात न टेकतात तोच गोळीबार सुरू झाला. पाठीवर ओझे घेऊन छातीभर पाण्यात उड्या मारलेले जवान त्या तारांत अडकून पडले. त्या एका सकाळसाठी या पलटणीला सहा व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, यावरून तिथे काय घडले याची कल्पना यावी. या मोहिमेत नकाशे अपुरे होते आणि किनाऱ्याची माहिती तोकडी होती. पंचवीस वर्षांनी गॉडफ्रेंनी जे काम हाती घेतले त्याचे मूळ मला या पहाटेत दिसते.

दोन युद्धांच्या मधला काळ त्यांनी आरमाराच्या नियोजन खात्यात, ग्रीनिचच्या स्टाफ कॉलेजात आणि चीनच्या समुद्रात घालवला. १९३६ मध्ये ‘रिपल्स’ या प्रचंड युद्धनौकेचे कप्तानपद त्यांच्याकडे आले.

१९३९ च्या सुरुवातीला ते आरमाराच्या हेरखात्याचे प्रमुख झाले. लंडनमधल्या अ‍ॅडमिरल्टीच्या इमारतीत खोली क्रमांक ३९ हे त्यांच्या खात्याचे केंद्र होते. तिथे त्यांनी वकील, पत्रकार, प्राध्यापक, शेअर दलाल अशी बाहेरची हुशार माणसे गोळा केली. त्यांचा स्वीय साहाय्यक इयान फ्लेमिंग हा असाच शेअर बाजारातून आलेला तरुण होता आणि पुढे बाँडकथा लिहिणारा तो हाच. सप्टेंबर १९३९ मध्ये गॉडफ्रेंच्या सहीने एक टिपण फिरवण्यात आले. गळ टाकून दिवसभर चिकाटीने बसणाऱ्या, जागा आणि आमिष बदलत राहणाऱ्या मासेमाराची उपमा देऊन त्यात शत्रूला फसवण्याच्या पन्नासहून अधिक युक्त्या मांडल्या होत्या. टिपणाचा बराचसा मजकूर फ्लेमिंगचा असावा असे मानतात. त्यातली एक युक्ती अशी: मृतदेहाच्या खिशात खोटी कागदपत्रे ठेवून तो शत्रूच्या हाती लागेल असे करावे.

ही युक्ती १९४३ मध्ये खरोखर वापरली गेली. ग्लिंडर मायकेल नावाच्या, घरदार नसलेल्या एका वेल्श माणसाच्या मृतदेहाला गणवेश चढवून त्याला ‘मेजर विल्यम मार्टिन’ केले. हा मेजर खरा वाटावा म्हणून खिशात नाटकाच्या तिकिटांचे तुकडे, वाङ्‌निश्चय झालेल्या मुलीचा फोटो आणि तिची पत्रे, अंगठीचे बिल, शिवाय खात्यातून जादा पैसे उचलल्याबद्दल बँकेने काढलेले पत्र ठेवले. कोटाच्या पट्ट्याला साखळीने ब्रीफकेस अडकवली. ३० एप्रिल १९४३ रोजी स्पेनच्या वेल्वा किनाऱ्याजवळ पाणबुडीतून हा देह सोडला. ब्रीफकेसमधली पत्रे जर्मनांपर्यंत पोचली आणि दोस्तांचा हल्ला ग्रीस आणि सार्डिनियावर होणार असे ते धरून चालले. दोस्त राष्ट्रे १० जुलैला सिसिलीत उतरली. योगायोग असा की तो गॉडफ्रेंचा पंचावन्नावा वाढदिवस होता.

माझ्या मते त्यांचे मोठे काम याहून शांत आहे. १९४० मध्ये नॉर्वेवर चढाई करताना इंग्रज सैन्याला प्रवाशांसाठीच्या जुन्या मार्गदर्शक पुस्तकांवर भागवावे लागले होते. गॉडफ्रेंनी ऑक्सफर्डमध्ये भूप्रदेशाचा अभ्यास करणारी शाखा उभी करवली. तिथे भूगोलाचे प्राध्यापक होते केनेथ मेसन, भारतीय सर्वेक्षण खात्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवलेले. परदेशातल्या किनाऱ्यांवर काढलेले सहलीचे फोटो आणि पोस्टकार्डे पाठवा, असे आवाहन बीबीसीवरून झाले आणि घरोघरच्या अल्बममधून फोटोंचा पाऊस पडला. वाळू किती मऊ, पाणी किती खोल, मागे कडा आहे की उतार, हे त्या फोटोंतून शोधले जाई. त्यांच्या खात्याने तयार करवलेली देशोदेशीची भूगोल-पुस्तके ५८ खंड भरली.

मात्र गॉडफ्रेंचा स्वभाव जहाल होता. इतर खात्यांच्या प्रमुखांशी त्यांचे पटेना. सप्टेंबर १९४२ मध्ये त्यांना व्हाइस अ‍ॅडमिरल म्हणून बढती मिळाली आणि हेरखात्यातून दूरही करण्यात आले. १९४३ मध्ये ते हिंदुस्थानात आले, रॉयल इंडियन नेव्हीचे प्रमुख म्हणून. सिसिलीच्या बातमीच्या वेळी ते या नव्या कामावर होते.

हे आरमार तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे होते. जुन्या रॉयल इंडियन मरीनचे नाव २ ऑक्टोबर १९३४ रोजी बदलून ते जन्मले. १९३९ मध्ये त्यात दोन हजारांच्या आत माणसे होती, युद्धात ती पंचवीस हजारांवर गेली. भरतीच्या वेळी चांगल्या पगाराची आणि भवितव्याची आश्वासने मिळाली होती. वाट्याला आले ते खडे असलेले अन्न, गोऱ्या खलाशापेक्षा कमी पगार आणि अधिकाऱ्यांच्या शिव्या.

कुलाब्याची ‘तलवार’ ही संदेशवहनाची शाळा होती. तिथले खलाशी शिकलेले होते, वर्तमानपत्रे वाचणारे होते, आझाद हिंद सेनेच्या खटल्यांच्या बातम्यांनी पेटलेले होते. १ डिसेंबर १९४५ ला नौदल दिनी आवारातल्या भिंती घोषणांनी रंगलेल्या आढळल्या. फेब्रुवारीच्या आरंभी अशाच घोषणांवरून बी. सी. दत्त या तारायंत्रज्ञाला पकडले. १८ तारखेच्या सकाळी खलाशांनी न्याहारीला हात लावला नाही. बिनतारी यंत्रे त्यांच्याच हातात होती, त्यामुळे बातमी कराचीपर्यंत पसरायला वेळ लागला नाही. ७८ जहाजे, २० तळ आणि सुमारे २० हजार खलाशी या उठावात सामील झाल्याचे नोंदले गेले आहे. एम. एस. खान संप समितीचे अध्यक्ष झाले, मदन सिंग उपाध्यक्ष.

२१ फेब्रुवारीला गॉडफ्रेंनी रेडिओवरून बजावले की सरकार झुकणार नाही, हाताशी असलेले सगळे बळ वापरील, मग त्यात ज्याचा अभिमान वाटतो ते आरमार नष्ट झाले तरी चालेल. त्याच दिवशी कॅसल बराकीत गोळीबार झाला. मुंबईकरांनी काय केले? फळे, दूध, पाव, भाजी घेऊन लोक गेटवे ऑफ इंडियाशी जमले आणि ते सामान खलाशांच्या होड्यांत पोचले. २२ तारखेला गिरण्या बंद पडल्या, रस्त्यांवर गोळ्या चालल्या. मुंबईत दोनशेहून अधिक माणसे मारली गेली. त्यात परळला पडलेल्या कमल दोंदे होत्या. वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यानंतर २३ तारखेला खलाशांनी शरणागतीचे काळे निशाण चढवले. न्यायमूर्ती फझल अली यांच्या चौकशी आयोगाने खलाशांच्या तक्रारींत तथ्य असल्याचे मान्य केले, पण शेकडो खलाशांची नोकरी गेली ती गेलीच.

त्याच वर्षी गॉडफ्रे निवृत्त झाले. युद्धातल्या सेवेबद्दल त्यांना सरकारने कोणताही सन्मान दिला नाही. त्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांत असे ते एकटेच होते, असे सांगतात. पुढे त्यांनी लंडनच्या चेल्सी भागातल्या रुग्णालयांच्या व्यवस्थापनात मन लावून काम केले. अनोळखी किनाऱ्याची वाळू किती मऊ आहे हे खोदून काढणाऱ्या या माणसाला स्वतःच्या जहाजावरच्या खलाशाच्या ताटात काय पडते याची खबर वेळेवर लागली नाही, की लागूनही उपाय झाला नाही. काहीही असले तरी प्रमुख म्हणून ती जबाबदारी त्यांचीच होती, आणि रेडिओवरचे ते शब्दही त्यांचेच.

अभ्यासिकेतल्या मुलामुलींना एवढेच सांगणे आहे. वहीतल्या त्या ओळीपुढे थोडी जागा असेल. गॉडफ्रे हे नाव तिथे लिहाच, आणि त्याच्या शेजारी बी. सी. दत्त, एम. एस. खान, मदन सिंग आणि कमल दोंदे हीही नावे लिहून ठेवा.