गिरणीची चिमणी

मुंबईतील लोअर परळ भागात एका मोठ्या व्यापारी संकुलात एक उंच धुराडे उभे आहे. भोवती कपड्यांची व खाद्यपदार्थांची दुकाने, चित्रपटगृहे आणि पंचतारांकित हॉटेल आहे. धुराड्यातून मात्र आता धूर निघत नाही. १९०५ साली स्थापन झालेल्या फिनिक्स मिलची ही चिमणी होय.

मुंबईत कापडगिरण्यांचा उद्योग १८५४ पासून उभा राहिला. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे भोंगा वाजताच चाळींतून पाळीवर निघत. या वस्तीलाच गिरणगाव हे नाव पडले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर अनेक गिरण्या पूर्ववत चालल्याच नाहीत. कापडापेक्षा गिरणीखालची जमीन अधिक मोलाची ठरली.

गिरणीची इमारत बाजाराला सोयीची असते. यंत्रांसाठी बांधलेली दालने लांबरुंद आणि छत उंच असल्यामुळे त्यांत दुकानांचे गाळे सहज काढता येतात. फिनिक्समध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस हे रूपांतर सुरू झाले. ज्या आवारात कापड विणले जात होते, तेथेच आता तयार कपडे विकले जातात!

परंतु खरा प्रश्न इमारतीचा नसून जमिनीचा होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार गिरणीची जमीन नव्याने विकसित करताना तिचे साधारणपणे तीन वाटे करावयाचे होते : एक महापालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, दुसरा सार्वजनिक घरांसाठी आणि तिसरा मालकाला. २००१ साली या नियमात बदल झाला. इमारतींखालची जमीन वाटणीतून वगळली गेली. केवळ आधीपासून मोकळी असलेली जागाच वाटून द्यावयाची राहिली. गिरणीच्या आवारात बहुतेक जागा बांधकामांनीच व्यापलेली असते. साहजिकच शहराच्या आणि घरांच्या वाट्याला फारच थोडे आले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली याविरुद्ध निर्णय दिला; परंतु २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने नवा नियम कायम ठेवला.

२०१२ साली गिरणी कामगारांसाठी सुमारे ७ हजार घरांची सोडत निघाली. त्यासाठी सुमारे दीड लाख अर्ज आले होते.