तिबेटी पाहुणचाराची चाळीस वर्षे

१९८० च्या दशकात चीनने तिबेट परदेशी प्रवाशांसाठी खुले केले आणि त्याच सुमारास खडतर वाटांवर टिकणाऱ्या माउंटन बाइकही बाजारात आल्या. १९८६ मध्ये रिचर्ड आणि निकोलस क्रेन हे ब्रिटिश चुलतभाऊ बांगलादेशातून निघून, हिमालय ओलांडून, तिबेटमार्गे थेट मध्य आशियात सायकलने पोहोचले. पुढे ल्हासा–काठमांडू रस्ता जगभरच्या सायकलस्वारांचे स्वप्न झाला. त्यांच्या लेखनात एक अनुभव वारंवार येतो: दिवस कलताना अनोळखी तिबेटी कुटुंबाने आत बोलावले, लोणी-मिठाचा चहा पाजला, चुलीजवळची जागा दिली. याचे श्रेय बहुधा बौद्ध करुणेला दिले जाते. करुणा खरीच आहे, पण चार दशकांकडे मागे वळून पाहताना तेवढे उत्तर पुरत नाही. हा पाहुणचार फिरत्या समाजाने घडवलेली व्यवस्था आहे आणि फिरण्यावर बंधने आली तशी तीही आक्रसली.

तिबेटच्या पठाराची सरासरी उंची चार हजार मीटरहून अधिक. साडेचार हजार मीटरवर पाणी साधारण ८५ अंशांनाच उकळते, भात धड शिजत नाही, झाडे नसल्याने इंधन म्हणजे याकच्या वाळलेल्या शेणी. अशा ठिकाणी त्साम्पा, म्हणजे आपल्या सातूसारखे भाजलेल्या जवाचे पीठ, चहात कालवले की अवेळी आलेल्याचेही पोट भरते. गुराखी, यात्रेकरू, मिठाचे व्यापारी असे सगळेच इथे वाटेवर असत. आजचा यजमान उद्या दुसऱ्याच्या तंबूशी उभा राहणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते. जीपमधला पर्यटक या व्यवस्थेला भिडतच नाही, कारण त्याला रात्री गावातले हॉटेल गाठता येते. थकलेला, गारठलेला सायकलस्वार मात्र यजमानाला ओळखीचा वाटतो, कारण त्याची गरज यात्रेकरूसारखीच असते.

यावर कोणी म्हणेल, हे भाबडे चित्र आहे. याच रस्त्यावर मुलांनी दगड मारल्याच्या, पैशांसाठी मागे लागल्याच्या, राखणीची कुत्री अंगावर धावून आल्याच्या नोंदीही सायकलस्वारांनीच केल्या आहेत. त्या खऱ्याच आहेत. पण त्यातले बरेचसे रस्त्यावर, चालत्या सायकलीबाबत घडते. दाराशी थांबून आसरा मागितला की नाते बदलते. कुत्रा आवरणारे हात त्याच घरातले असतात. काही घरे मुक्कामाचे पैसे घेतात, हेही खरे. तुटपुंज्या सरपणातून आणि लोण्यातून पाहुण्याचा वाटा काढणाऱ्याने मोबदला घेतला, तर त्याने आतिथ्य उणे होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पक्के रस्ते आणि हॉटेले आली की असे रिवाज जगभर मागे पडतात, त्यात वेगळे काय? वेगळे आहे ते नियमांत. १९८९ मध्ये ल्हासात लष्करी कायदा लागला. मार्च २००८ च्या निदर्शनांनंतर तिबेट स्वायत्त प्रदेशातला परदेशी प्रवास आणखी आवळला गेला. आज परवाना, मार्गदर्शक आणि ठरलेला मार्ग यांवाचून तिथे जाता येत नाही. परदेशी माणसाच्या मुक्कामाची पोलिसांकडे नोंद लागते, म्हणजे पाहुण्याला घरात घेणे ही यजमानाचीच जोखीम. दरम्यान पशुपालक कुटुंबांना मोठ्या प्रमाणावर नव्या वसाहतींत हलवण्यात आले. याउलट सिचुआन आणि छिंगहाय प्रांतांतल्या खाम व आम्दो या तिबेटी भागांत परवान्याची ही अट बहुतेक ठिकाणी नाही. रस्ते आणि हॉटेले तिथेही आली, तरी तंबूत बोलावल्याचे अनुभव सायकलस्वार आजही लिहितात. म्हणून या मागोव्यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. तिबेटी माणसाच्या चांगुलपणाचे गोडवे गाऊन थांबणे हा त्याच्यावर अन्याय ठरतो. ज्याच्या घरचा चहा घेतला, त्याला पाहुणा बोलावण्याचे आणि स्वतः वाटेला लागण्याचे स्वातंत्र्य आहे का, हा प्रश्न प्रत्येक प्रवासवर्णनाने विचारायला हवा.