घरची जुनी गाडी : भाव कसा ठरवावा, सौदा कसा करावा?

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा गाड्या घडवणारा मुलूख. टेल्कोने 1991 साली सिएरा आणि 1992 साली इस्टेट इथूनच बाजारात आणली. 1995 साली मर्सिडीजची भारतात जोडलेली पहिली गाडी पिंपरीतूनच बाहेर पडली. पुढे 2009 साली तो कारखाना चाकणला गेला. एवढे असूनही घरची जुनी गाडी विकताना आपली माणसे हमखास फसतात. वडिलांनी जिवापाड जपलेली प्रीमियर पद्मिनी दारात आलेल्या पहिल्या दलालाला वजनावर दिली जाते. नाहीतर उलटे होते. ‘अँटिक’ म्हणून मनाला येईल तो आकडा सांगितला जातो, गिऱ्हाईक फिरकत नाही आणि ताडपत्रीखाली दोन पावसाळ्यांत पत्रा सडतो. दोन्ही टाळायचे असेल तर भाव ठरवण्याची रीत समजून घेतली पाहिजे.

तीन भाव ध्यानात ठेवा

जुन्या गाडीला तीन भाव असतात. पहिला भंगाराचा, म्हणजे वजनाचा. हा तळ, चालू गाडी याखाली कधीच देऊ नये. दुसरा वापराचा, म्हणजे रोज चालवण्यासाठी घेणारा जो देईल तो. तिसरा शौकिनाचा. पद्मिनीचे उत्पादन 2000 साली थांबले आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून ती मुंबईच्या टॅक्सीतूनही गेली. मारुती 800 चे उत्पादन 2014 साली बंद झाले. अशी गाडी वापरासाठी घेणारे थोडे, पण जुनी आठवण म्हणून शोधणारे आहेत. नीट राखलेल्या गाडीची खरी किंमत याच गिऱ्हाइकाकडून मिळते.

आकडा काढण्याची रीत सोपी आहे. त्याच मॉडेलची, त्याच सुमाराच्या सालाची, उत्तम स्थितीतील गाडी प्रत्यक्षात किती रुपयांना विकली गेली, हे तीन-चार ठिकाणी विचारावे. सांगितलेला भाव आणि झालेला सौदा यांत फरक असतो. आपल्याला सौद्याचा आकडा हवा. मग त्यातून आपल्या गाडीचा खर्च वजा करावा. समजा उत्तम गाडी 3 लाखांना गेली. आपल्या गाडीच्या तळाच्या पत्र्याला 40 हजार, टायर-बॅटरीला 25 हजार, सीटच्या कामाला 20 हजार, फेरनोंदणी व कर 15 हजार धरले, तर 1 लाख वजा जाऊन 2 लाख उरतात. हा आपला भाव. बोलणी थोडी वरून सुरू करावीत. पण हा आकडा मनात पक्का असावा.

पत्रा आधी, इंजिन नंतर

इंजिन उघडून पुन्हा बांधता येते. सडलेला पत्रा सर्वांत महाग पडतो. जाणकार गिऱ्हाईक आधी गाडीखाली वाकून पाहते. दरवाजांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, डिकीचा तळ आणि गालिच्याखालचा पत्रा स्वतः तपासा. लोहचुंबक फिरवला की लांबी कुठे भरली आहे ते लगेच कळते.

विकण्यापूर्वी पूर्ण गाडी नव्याने रंगवण्याचा मोह टाळावा. ताजा रंग पाहिला की खाली काय दडवले आहे, अशी शंका येते. मूळ रंग थोडा फिका असला तरी त्याला मान आहे. तसेच मूळ जाळी, बंपर, काचा, चाकांच्या टोप्या, पद्मिनीचा स्टिअरिंगजवळचा गिअर असा अस्सल ऐवज जपावा. काढून ठेवलेले जुने भाग फेकू नयेत. ते गाडीबरोबर दिल्यास भाव वाढतो.

गाडीत ऐब असेल तर आधीच सांगावा आणि लिहून द्यावा. तो गिऱ्हाइकाने शोधून काढला तर ते दुप्पट पैसे कापून मागते. आपण सांगितला तर दुरुस्तीपुरतेच कापले जाते.

कागद म्हणजे अर्धी किंमत

आरसी पुस्तकावरील इंजिन व चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी जुळतात का ते पाहा. इंजिन बदलले असेल, गॅस किट बसवले असेल किंवा रंग बदलला असेल, तर त्याची नोंद हवी. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांपेक्षा जुन्या मोटारीसाठी हे शुल्क 10 हजार रुपये झाले आहे. 15 ते 20 वर्षांच्या गाडीला 5 हजार. पर्यावरण कर वेगळा. नूतनीकरण करूनच गाडी विकावी. कर्जाचा बोजा फिटला असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म 35 देऊन तो उतरवून घ्यावा.

‘व्हिंटेज’ हा शब्द जपून वापरावा. 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षांहून अधिक काळ झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडीच त्यात बसते. अशी नोंदणी केल्यावर ती रोजच्या वापरात चालवता येत नाही. 1985 ची पद्मिनी जुनी आहे, व्हिंटेज नाही.

खरा धोका इथे आहे

पैसे घेतले, चावी दिली, झाले, असे समजणारे अनेक आहेत. नाव बदलेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की, गाडी हातोहात पुढे विकली गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीवरील मालकाचीच राहते. छोट्या दुकानदाराला असा एक दावा आयुष्यभराची कमाई घालवणारा ठरू शकतो. म्हणून फॉर्म 29 व 30 वर कोऱ्या सह्या करून देऊ नयेत. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास 14 दिवसांच्या आत आरटीओला कळवावे. गाडी सोपवल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. गिऱ्हाईक परराज्यातील असेल तर फॉर्म 28 चा ना हरकत दाखला लागतो. 2 लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास कायद्याने मनाई आहे. ती बँकेतूनच घ्यावी.

गाडी दुकानाच्या हिशेबात दाखवली असेल आणि जीएसटी नोंदणी असेल, तर 2025 पासून विक्रीतील नफ्याच्या भागावर 18 टक्के कर आहे. घरगुती मालकाला तो लागू नाही.

गाडी खरोखरच मोडीत काढायची असेल तर ती मान्यताप्राप्त स्क्रॅप केंद्रात देऊन प्रमाणपत्र घ्यावे आणि नोंदणी रद्द करावी. नाहीतर तुमच्या नावाचा चासी क्रमांक दुसऱ्याच गाडीवर फिरत राहील. फेब्रुवारी 2025 मध्ये कुदळवाडी-चिखलीतील भंगाराची गोदामे व शेड पाडली गेल्यानंतर या धंद्यातील आपल्या बांधवांनीही कागदोपत्री पक्के राहण्याची गरज वाढली आहे.

शेवटी एक सूचना कारागीर बांधवांना. जुन्या पत्र्याचे काम, कार्बोरेटर, हाताने शिवलेली सीट हे हुनर जाणणारे हात कमी होत आहेत. शौकिनाची गाडी तुमच्याकडे आली तर बिल द्या, कामाची नोंद ठेवा. गाडी विकताना मालक ती नोंद गिऱ्हाइकाला दाखवेल. त्यात त्याचा भाव वाढेल आणि पुढचे काम तुमच्याकडे येईल.