नदी ओलांडली की नियम बदलतो

अमेरिकेच्या नकाशात वायव्येकडे पाहा. ओरेगन आणि आयडाहो ही दोन राज्ये तेथे शेजारी शेजारी आहेत. त्यांच्या सीमेचा काही भाग स्नेक नदीने आखून दिला आहे. नदीच्या पश्चिमेला ओरेगनमधील ऑन्टॅरिओ हे गाव; पूल ओलांडला की आयडाहोतील फ्रूटलँड.

समजा, एक मुलगा सायकलवरून ऑन्टॅरिओहून निघाला. चौकात लाल दिवा आहे, पण रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा आहे. तरीही त्याने हिरव्या दिव्याची वाट पाहिलीच पाहिजे. पूल ओलांडून तो फ्रूटलँडमध्ये आला. तेथेही लाल दिवा आणि रस्ता तसाच रिकामा. येथे मात्र तो पूर्ण थांबेल, दोन्हीकडे पाहील आणि दिवा लाल असतानाच सरळ पुढे जाईल. समोर पोलीस उभा असला तरी हरकत नाही! मुलगा तोच, सायकल तीच, देशही तोच. मग नियम दोन का?

याचे कारण असे, की अमेरिकेत रस्त्यावरचे नियम प्रत्येक राज्य स्वतः करते. तेथे दिवे नसलेल्या अनेक चौकांत लाल रंगाची अष्टकोनी ‘थांबा’ पाटी असते. ती दिसली, की रस्ता रिकामा असला तरी वाहनाची चाके पूर्ण थांबली पाहिजेत. आयडाहोने १९८२ मध्ये सायकलींना यातून सवलत दिली. सायकलस्वाराने वेग कमी करावा, कोणी येत असेल तर त्याला आधी जाऊ द्यावे, आणि कोणी नसेल तर न थांबता पुढे जावे. पुढे पस्तीस वर्षे इतर कोणत्याही राज्याने असा कायदा केला नाही. मग २०१७ मध्ये डेलावेअर आणि २०१९ मध्ये आर्कान्सा या राज्यांनी तो केला. ओरेगनमध्ये तो २०२० च्या आरंभापासून लागू झाला, पण फक्त ‘थांबा’ पाटीपुरता आणि लुकलुकणाऱ्या लाल दिव्यापुरता. डेलावेअरनेही साध्या लाल दिव्याला सवलत दिली नाही.

थोडे गणित

या सवलतीमागे पदार्थविज्ञान आहे. मुलगा आणि सायकल मिळून वस्तुमान ६० किलोग्रॅम आणि वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर, असे धरू. गतिज ऊर्जा = ½ × ६० × ५ × ५ = ७५० ज्यूल. ब्रेक लावून पूर्ण थांबलात, की ही सारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया गेली. पुन्हा तोच वेग घ्यायचा, तर ७५० ज्यूल पायांनीच द्यायला हवेत.

सपाट रस्त्यावर या वेगाने जाताना हवेचा आणि चाकांचा मिळून विरोध सुमारे १० न्यूटन असतो. म्हणजे एकदा थांबणे हे ७५ मीटर जास्त सायकल चालवण्यासारखे झाले. दर शंभर मीटरवर ‘थांबा’ पाटी असेल तर एका किलोमीटरचे श्रम पावणेदोन किलोमीटरचे होतात!

पण श्रमापेक्षा महत्त्वाची गोष्ट आहे वेळ. चौक १२ मीटर रुंद आहे आणि तुमचे त्वरण दर सेकंदाला ०.५ मीटर प्रतिसेकंद आहे असे समजा. स्थिर अवस्थेतून निघालात तर चौक ओलांडायला सुमारे ७ सेकंद लागतात. सेकंदाला ३ मीटर वेगाने चौकात शिरलात तर साधारण ३.२ सेकंद पुरतात. म्हणजे धोक्याच्या जागी तुम्ही निम्म्याहून कमी वेळ असता.

मग विरोध कशासाठी?

कारण गणिताला दुसरी बाजूही आहे. सेकंदाला ३ मीटर वेगाने जाताना मोटार दिसली, तर ब्रेक लावण्याचे सुचायला एक सेकंद जातो. तेवढ्यात ३ मीटर अंतर कापले जाते आणि ब्रेक लावल्यावर आणखी दोन-अडीच मीटर. म्हणून चौकाच्या पाच-सहा मीटर आधीच निर्णय झाला पाहिजे. त्या ठिकाणाहून आडवा रस्ता कितपत दिसतो? ताशी ५४ किलोमीटर वेगाची मोटार ३.२ सेकंदांत ४८ मीटर येते. भिंतीमुळे किंवा झाडामुळे तेवढे अंतर दिसत नसेल, तर थांबण्यावाचून गत्यंतर नाही.

ओरेगनच्या दक्षिणेला असलेल्या कॅलिफोर्नियात २०२१ मध्ये असेच विधेयक विधिमंडळाने संमत केले. परंतु राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी ते नाकारले. येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज लहान मुलांना करता येईलच असे नाही, ही त्यांची एक मुख्य शंका होती. ती क्षुल्लक म्हणता येणार नाही.

अनुभव काय सांगतो? डेलावेअरमध्ये कायद्यानंतरच्या तीस महिन्यांत ‘थांबा’ पाटीच्या चौकांतील सायकलींचे अपघात आधीच्या तीस महिन्यांपेक्षा २३ टक्क्यांनी कमी झाले. आकडा आशादायक आहे. मात्र एका घटनेनंतर दुसरी घडली, एवढ्यावरून पहिली तिचे कारण ठरत नाही, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

तात्पर्य, गतिज ऊर्जेचे सूत्र स्नेक नदीच्या दोन्ही काठांवर एकच आहे. बदलतो तो माणसांनी आपसांत केलेला करार. आयडाहोतील मोटारचालकाला सायकलवाला कसा वागेल हे ठाऊक असते. तसेच तो इतरत्र वागला तर समोरचा बेसावध सापडेल. म्हणूनच आपल्याकडे लाल दिवा दिसला की सायकलनेही थांबायचे, रस्ता कितीही रिकामा असो!

करून पाहा : शाळेच्या मैदानावर १२ मीटर अंतरावर दोन रेघा आखा. एकदा पहिल्या रेघेपाशी पूर्ण थांबून आणि एकदा सावकाश चालत्या सायकलीने दुसरी रेघ गाठा. मित्राला घड्याळ लावून दोन्ही वेळा मोजायला सांगा. तुमचे आकडे वरच्या गणिताशी कितपत जुळतात? जुळत नसतील तर का, याचा विचार करा.