तापमापकाचा काटा नेमके कशाचे तापमान सांगतो?

न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा देशांतील शेतांवर चार फुगीर टायरांचे एक बुटके वाहन सर्रास दिसते. त्याला मोटरसायकलसारखे हँडल असते आणि बसायला खोगिरासारखी बैठक. मेंढ्या वळवायला, कुंपणाचे सामान वाहायला, चिखलातून वाट काढायला ते वापरतात. त्याचे नाव एटीव्ही. आपल्याकडे ते क्वचित, समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना फिरवताना दिसते.

या वाहनाच्या इंजिनाला काम कष्टाचे असते. ओझे जास्त आणि वेग कमी. वेग कमी असल्याने रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही, सारी भिस्त पंख्यावर. त्यातच उडालेला चिखल रेडिएटरच्या जाळीत बसतो आणि वाळतो. इंजिन तापल्याची सूचना द्यायला मात्र अनेक एटीव्हींवर फक्त एक लाल दिवा असतो. दिवा ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगतो. तापमान चढत चालले आहे हे सांगत नाही. म्हणून बरेच मालक वेगळा तापमापक विकत आणून बसवतात. काम लहानसे आहे, पण ते नीट समजून घेतले तर कोणत्याही मोजमापाबद्दलची एक महत्त्वाची गोष्ट कळते.

आत काय असते?

या मापकाचे दोन भाग असतात: हँडलजवळची तबकडी आणि कूलंटमध्ये बुडणारा सेन्सर. सेन्सरच्या पितळी टोकात थर्मिस्टर असतो. तांब्याची तार तापली की तिचा विद्युतरोध वाढतो. या थर्मिस्टरचा मात्र कमी होतो. अशा उलट्या वागणुकीची नोंद मायकेल फॅरेडे यांनी १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडच्या बाबतीत केली होती. कूलंट तापले की रोध घटतो, प्रवाह वाढतो आणि काटा वर सरकतो. तबकडी आणि सेन्सर यांची जोडी ठरलेली असते. एकाची तबकडी आणि दुसऱ्याचा सेन्सर जोडला, तर काटा हलेल पण आकडा खोटा असेल.

सेन्सर कोठे बसवायचा?

प्रचलित पद्धत अशी. इंजिन पूर्ण थंड असताना थोडे कूलंट काढून घेतात. इंजिनाकडून रेडिएटरकडे जाणारा रबरी पाइप कापून त्यात अ‍ॅल्युमिनियमची छोटी नळी बसवतात आणि दोन्ही बाजूंनी क्लिपा आवळतात. नळीला आटे पाडलेले भोक असते, त्यात सेन्सर घट्ट बसतो. काढलेले कूलंट भांड्यात जपून ठेवावे. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड पण विषारी असते आणि कुत्री-मांजरे ते चाटतात.

सेन्सर रेडिएटरमधून बाहेर पडणाऱ्या पाइपवर बसवला, तर तो थंड होऊन आलेल्या द्रवाचे तापमान सांगेल. वरच्या पाइपवर बसवला, तरी थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, म्हणजे साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत, तेथे गरम द्रव फारसा पोचत नाही. तोवर काटा खालीच राहतो आणि मग एकदम उडी घेतो. यंत्रात बिघाड नसतो. सेन्सर फक्त स्वतःच्या टोकाचे तापमान सांगत असतो.

वायरिंगमधला खोडा

तबकडीला वीज चावीच्या स्विचनंतर आणि फ्यूजमधून द्यावी, नाहीतर बंद वाहनातही बॅटरी उतरत राहील. एकाच तारेचा सेन्सर असेल, तर परतीचा प्रवाह वाहनाच्या धातूच्या सांगाड्यातून जातो. पण आपली नळी दोन्हीकडून रबरात अडकलेली आहे आणि रबर विद्युतरोधक! म्हणून नळीपासून सांगाड्यापर्यंत अर्थिंगची वेगळी तार जोडावीच लागते.

हा जोड गंजला तर काय होईल? रोध वाढेल. वाढलेला रोध म्हणजे तबकडीच्या दृष्टीने ‘थंड’. तार तुटली तरी काटा तळाशी, म्हणजे पुन्हा ‘थंड’. कूलंट भरताना पाइपमध्ये हवेचा बुडबुडा राहिला आणि सेन्सर त्यात अडकला, तरीही आकडा कमी. सर्वांत वाईट म्हणजे पाइप फुटून कूलंट वाहून गेले, तर सेन्सर हवेत उघडा पडतो. हवा द्रवाइतकी उष्णता पोचवत नाही. इंजिनाचा धातू तापत जातो आणि काटा मात्र खाली येतो. चालक निर्धास्त राहतो आणि इंजिन जळते.

म्हणजे या मापकाचे बरेचसे बिघाड ‘सारे ठीक आहे’ या बाजूलाच झुकतात. म्हणून चढावर ओझे ओढत असताना काटा अचानक खाली आला, तर तेही थांबून पाहण्याचे कारण समजावे. मात्र गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतला द्रव दाबाखाली असतो. दाब सुटताच तो उकळून अंगावर उसळतो.

बसवण्यापूर्वी तपासणी

सेन्सर तबकडीला जोडून उकळत्या पाण्यात धरावा. येथेही अर्थिंगची तार हवीच. पाणी १०० अंशांनाच उकळते असे मात्र धरू नये. पुण्यात ते सुमारे ९८ अंशांना आणि महाबळेश्वरला ९५-९६ अंशांना उकळते. शेजारी तापमापी ठेवणे उत्तम.

वर्गात करून पाहा

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात १० किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर स्वस्तात मिळतो. त्याच्या उघड्या तारांवर प्लास्टिकची स्लीव्ह चढवा आणि तो मल्टिमीटरला जोडा. गरम पाण्यात थर्मिस्टर आणि तापमापी शेजारी-शेजारी धरा. पाणी निवत असताना दर पाच अंशांना रोध नोंदवा आणि आलेख काढा. सरळ रेषा येत नाही, वक्र येतो.

आता पाणी ६० अंशांवर असताना थर्मिस्टरशी १ किलोओहमचा रोधक एकसरीत जोडा. हा आपला ‘गंजलेला जोड’. नवा रोध तुमच्याच आलेखावर शोधला, तर तापमान जवळजवळ नऊ अंशांनी कमी दिसेल. शेवटी रोधक काढा आणि थर्मिस्टर पाण्याबाहेर, पृष्ठभागाच्या थोडा वर धरा. रोध चढू लागेल, म्हणजे ‘तापमान’ उतरू लागेल. पाणी मात्र तितकेच गरम आहे.

येथे विद्यार्थ्यांना विचारा: चूक कोणाची? थर्मिस्टरने तर खरेच सांगितले. तो कोठे आहे आणि त्याच्याकडून आलेला निरोप वाटेत बदलला का, हे पाहणे आपले काम. ताप मोजताना काखेतून निसटलेली तापमापी आणि उन्हात टांगलेली हवेची तापमापी यांनाही हाच प्रश्न लावून पाहता येईल.