वृद्धनिवास-निधीतील गुंतवणूक : साध्यासाध्य विचार

वैद्यास व औषधी-विक्रेत्यास निवृत्तिवेतन नाही. हात चालतो तोवर उत्पन्न; पुढे आयुष्यभराची शिल्लक हाच आधार. दुकानाची जागा विकून किंवा ठेवी मोडून आलेली रक्कम कोठे ठेवावी, हा म्हणूनच आपल्या वर्गापुढील गंभीर प्रश्न आहे. ज्येष्ठांसाठी निवासस्थाने उभारून ती चालविणाऱ्या खाजगी निधींची माहितीपत्रके अशा वेळी हाती पडतात. वृद्धांची संख्या वाढत आहे, मुले परगावी आहेत, सबब मागणी निश्चित, असा त्यांचा युक्तिवाद असतो. मागणी आहे हे आम्हांसही मान्य आहे. तथापि मागणी असूनही गुंतवणूकदाराचे मुद्दल बुडू शकते. ते कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात करू.

निधीचे स्वरूप

असे निधी सामान्यतः 'सेबी'च्या २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक निधी विनियमांखाली दुसऱ्या वर्गात नोंदलेले असतात. सामान्य गुंतवणूकदारास किमान १ कोटी रुपये गुंतवावे लागतात. मुदत किमान ३ वर्षे, व्यवहारात बहुधा त्याहून अधिक. मूल्याने दोन-तृतीयांश गुंतवणूकदारांची संमती असल्यास ती आणखी २ वर्षांपर्यंत वाढविता येते. मध्येच पैसे काढून घेण्याची सोय सहसा नसते. नोंदणी म्हणजे परताव्याची हमी नव्हे. सदनिका घेणाऱ्यास 'रेरा' कायद्याचे जे संरक्षण मिळते, तेही निधीतील गुंतवणूकदारास मिळत नाही. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी मानके घालून दिली, ती तेथे राहणाऱ्यांच्या सोयीसाठी आहेत.

ब्रिटनमधील धडा

सदर्न क्रॉस ही ब्रिटनमधील वृद्धसेवागृहे चालविणारी मोठी कंपनी. २००४ मध्ये ब्लॅकस्टोन या खाजगी गुंतवणूक संस्थेने ती घेतली आणि २००६ मध्ये तिचे समभाग लंडनच्या बाजारात आणले. इमारतींची मालकी वेगळी झाली होती व कंपनी त्या भाड्याने घेऊन चालवीत होती. भाडे दरवर्षी वाढणार, असे करार होते. पुढे स्थानिक शासनसंस्थांनी खर्चास आवर घातला, खोल्या रिकाम्या राहू लागल्या, भाडे मात्र वाढतच राहिले. २०११ मध्ये कंपनी कोसळली. तेव्हा सुमारे ७५० गृहांत ३१,००० वृद्ध राहत होते. मागणी संपली नव्हती. आर्थिक रचनाच भार सोसू शकली नाही.

गणित सोपे आहे. कल्पना करा, १०० खोल्यांच्या निवासात दरमहा प्रत्येकी ५०,००० रुपये मिळतात. ९० खोल्या भरल्या तर उत्पन्न ४५ लाख. सेवक, स्वयंपाकघर, वीज इत्यादींचे ३१ लाख व कर्जाचा हप्ता ९ लाख वजा जाता ५ लाख उरतात. ८० भरल्या तर उत्पन्न ४० लाख, खर्च जेमतेम ३० लाखांवर येतो, हप्ता तोच. उरतो १ लाख. ७५ वर तोटा सुरू. रात्रपाळीचा सेवक दहा खोल्या रिकाम्या झाल्या म्हणून कमी करता येत नाही.

साध्य, याप्य, असाध्य

चौकशीने टळतात ते धोके साध्य समजावेत. कर्ज किती, जमीन कोणाच्या नावे, चालविणारी संस्था कोण व तिने पूर्वी किती निवास भरून दाखविले, हे लेखी मागावे. व्यवस्थापन शुल्क तपासावे. १ कोटीवर वार्षिक २ टक्के म्हटले तरी ७ वर्षांत १४ लाख होतात.

मुदतवाढ, व्याजदरातील चढउतार, खोल्या सावकाश भरणे हे याप्य होत. ते नाहीसे होत नाहीत. अन्य शिल्लक हाताशी असेल तरच सोसवतात.

ज्यांची सारी शिल्लकच कोटी-सव्वा कोटी आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग असाध्य समजून वर्ज्य करावा. चौघांनी रक्कम जमवून एकाच्या नावे गुंतविणे हेही तसेच. तिघांचा हक्क निधीवर राहत नाही, मित्राच्या शब्दावर राहतो.

आपल्या व्यवसायात आणखी एक धोका संभवतो. त्याच निवासात मानद वैद्य म्हणून जाणे किंवा उधारीवर औषधे पुरविणे, आणि तेथेच गुंतवणूकही असणे. निवास अडचणीत आला तर मुद्दल, मानधन व उधारी एकदमच अडकतात. शिवाय आपला पैसा जेथे आहे तेथेच रुग्णास राहण्याचा सल्ला देताना आपली बुद्धी निःपक्ष राहील काय, हे ज्याचे त्याने तपासावे.

एक परीक्षा मात्र आपणांस इतरांहून चांगली करता येते. त्या संस्थेचा चालू निवास पूर्वसूचना न देता पाहावा. स्वयंपाकघर, अंथरुणे, रात्रीचे सेवक व त्यांची नोकरीतील वर्षे, रहिवाशांची त्वचा आणि चेहरे यांवरून सेवेची अवस्था वैद्यास कळते. जेथे सेवा ढासळते तेथे खोल्या रिकाम्या होतात, आणि ते हिशेबाच्या कागदावर पुष्कळ उशिरा दिसते. त्यानंतर कागदपत्रे विक्रीवर दलाली न घेणाऱ्या, सेबी-नोंदणीकृत सल्लागारास दाखवावीत, आणि मगच निर्णय घ्यावा.