स्वातंत्र्याचे सार

तांबड्या भोपळ्याचे आपल्याकडे फारसे कौतुक होत नाही. त्याचे घारगे मुले आवडीने खातात. पण पानात भोपळ्याची भाजी दिसली, की पुष्कळांची तोंडे वाकडी होतात. परंतु जगाच्या पाठीवर असा एक देश आहे, की जेथे भोपळ्याचे सार हे राष्ट्राच्या स्वातंत्र्याचे प्रतीक मानले जाते. त्या देशाचे नाव हैती.

कॅरिबियन समुद्रातील एका मोठ्या बेटाच्या पश्चिम भागात हैती वसलेला आहे. अठराव्या शतकात तेथे फ्रेंचांची सत्ता होती. उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांत राबविण्यासाठी आफ्रिकेतून माणसे पकडून आणीत व त्यांना गुलाम करीत. १७८९ च्या सुमारास या गुलामांची संख्या पाच लक्षांच्या घरात गेली होती. मळेवाल्यांच्या घरी भोपळ्याचे सुवासिक सार हेच लोक रांधीत. पण त्याचा एक घोटही त्यांनी घ्यावयाचा नाही, असा दंडक होता, असे हैतीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

१७९१ च्या ऑगस्ट महिन्यात गुलामांनी बंड पुकारले. त्यांचा थोर सेनानी तूसाँ लूव्हेर्त्यूर १८०३ मध्ये फ्रान्समधील कारावासात मरण पावला. तरी लढा थांबला नाही. अखेर १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. कालपर्यंत जे सार निषिद्ध होते, ते आता सर्वांचे झाले! त्याची आठवण म्हणून दर वर्षी १ जानेवारीस हैतीत घरोघरी हे सार शिजते. त्याला ‘सूप जूमू’ म्हणतात.

या साराची तयारी आदल्या दिवसापासूनच सुरू होते. लसूण, कांद्याची पात आणि सुगंधी पाला खलात कुटून वाटण करतात. मुलेही या कामास हातभार लावतात. मांसाला लिंबाचा रस व हे वाटण चोळून ते रात्रभर मुरू देतात. सकाळी ते मंद आचेवर शिजवितात. दुसरीकडे भोपळ्याच्या फोडी मऊ उकडून घोटतात आणि तो गर मांसाच्या रश्शात मिसळतात. मग बटाटे, गाजर, कोबी अशा भाज्या आणि शेवटी मॅकरोनी घालतात. चार लवंगा टाकतात आणि एक तिखट मिरची अखंडच तरंगत ठेवतात. ती फुटू द्यावयाची नाही, म्हणजे सारास तिचा स्वाद लागतो, पण जीभ भाजत नाही.

मांस वगळूनही हे सार करता येते. चार माणसांना अर्धा किलो भोपळा, एक बटाटा व एक गाजर पुरे. भोपळा उकडून घोटावा, त्यात पाणी व भाज्यांच्या फोडी घालून सार शिजवावे. चवीपुरते मीठ, लवंग, मिरपूड व थोडे लोणी घालून वर लिंबू पिळावे. चुलीजवळचे काम मात्र वडील माणसांच्या देखरेखीखालीच करावे.

साय किंवा पीठ न घालता हे सार दाट कसे होते? भोपळ्याच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे पेक्टिन नावाचे द्रव्य उष्णतेने सैल होते. त्यामुळे गर सुटा होतो आणि घोटताच पाण्याशी एकजीव होतो. भोपळ्याचा केशरी रंग कॅरोटीनमुळे आलेला असतो. त्यापासून आपले शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळते. म्हणून लोण्याने केवळ चवच वाढते असे नाही, तर ते अंगी लागण्यासही मदत होते.

२०२१ मध्ये युनेस्कोने सूप जूमूचा समावेश मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. त्या यादीत हैतीला मिळालेले ते पहिलेच स्थान होय.

पण हैतीच्या लोकांना त्या साराची गोडी त्याहून जुन्या कारणासाठी वाटते. १ जानेवारीस ते मोठे पातेलेभर सार करतात. शेजाऱ्यांकडे पाठवितात, आल्यागेल्याला वाढतात. त्या दिवशी कोणी सारावाचून राहू नये, अशी प्रत्येकाची इच्छा असते. कारण सार रांधूनही उपाशी राहिलेले आपले पूर्वज ते विसरलेले नाहीत.